पिसा, पागल, पेशंट

२३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरची पंगत उठली होती. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं एक तरुण वेचून खात होता. अंगावर धड वस्त्र नाही, नाव-गाव सांगत नाही, आपल्याच नादात. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी त्या वाटेने चालले होते. ते थबकले, जवळ गेले, त्यांनी विचारपूस केली. पुढची कथा वऱ्हाडात लहान पोरालाही पाठ आहे. त्या तरुणाला, म्हणजे गजानन महाराजांना, सुरुवातीला पिसा समजणारे लोक गावात होते, हेही त्यांची पोथी लपवत नाही.

विदर्भाला हे नवं नव्हतं. सातशे वर्षांपूर्वी रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना, म्हणजे राउळांना, लोक वेडे म्हणत आणि त्याच वेड्या राउळांना मायबापही मानत. जगरहाटी सोडून वागणाऱ्या माणसात देव असू शकतो, ही शक्यता या मातीने कधी पूर्ण नाकारली नाही. मग मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसाला निदान इथे तरी मायेची जागा मिळायला हवी होती. महाराजांना रुग्ण ठरवण्याचा खटाटोप इथे करायचा नाही. प्रश्न बघणाऱ्यांचा आहे.

मागे एका गुरुवारी शेगाव स्टेशनाबाहेर एक माणूस बसलेला पाहिला. जटा झालेले केस, फाटका शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, स्वतःशीच पुटपुटणं. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने त्याच्यापुढे कचोरीचा कागद ठेवला आणि हात जोडले. मागून आलेल्या बाईने आपल्या पोराला दुसऱ्या बाजूला ओढलं. रिक्षावाला मला म्हणाला, ‘पागल हाय तो. काही करत नाही कोणाले.’ एकाला तो अवलिया वाटला, एकीला धोका, एकाला पागल. पेशंट हे चौथं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. माझ्याही नाही.

नाव पडतं, मग वाट ठरते

मराठीत मानसिक आजाराला शब्दांची वाण नाही. ‘डोक्यावर परिणाम झाला’ हा त्यातला सगळ्यात सभ्य. कशाचा परिणाम, हे त्या वाक्यात कधीच नसतं. ‘बाहेरचं आहे’ म्हटलं की कारण घराबाहेर जातं: करणी, बाधा, कुणाची तरी नजर. ‘टेन्शन घेतलं’ म्हटलं की कारण माणसाच्या अंगावर येतं, कारण ‘घेतलं’ या क्रियापदातच आरोप आहे. ‘मतिमंद’ आणि ‘मनोरुग्ण’ हे शब्द तर सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एकात बुद्धीची वाढ लहानपणापासून कमी असते, दुसऱ्यात चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाला आजार होतो. गल्लीच्या भाषेत दोन्ही ‘मेंटल’.

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. या चारही गावांची नावं थट्टेत शिवीसारखी वापरली जातात. विदर्भात ‘नागपूरला न्यावं लागंल याला’ म्हटलं की ऐकणारा काय ते समजतो. नागपूरचं रुग्णालय १८६४ सालचं. पाटीवरचं नाव बदलत गेलं, लोकांच्या तोंडी ‘पागलखाना’ कायम राहिला. कायद्यालाही ही भाषा सोडायला वेळ लागला. १९१२च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच वेडाचा शब्द होता. तो १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गेला आणि रुग्णाच्या हक्कांची भाषा २०१७च्या कायद्यात आली.

नावावरून पुढची पायरी ठरते. ‘बाहेरचं’ ठरलं तर आधी गावातला जाणता किंवा भगत, मग एखादा बुवा, मग दर्गा किंवा देवस्थान. ‘टेन्शन’ ठरलं तर गावातल्या डॉक्टरचं सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन. ‘पागल’ ठरलं तर घराची मागची खोली. मनोविकारतज्ज्ञाचा नंबर येईपर्यंत वर्षं उलटलेली असतात आणि एखादी बैलजोडी विकलेली असते.

सैलानीची वाट

बुलढाणा जिल्ह्यात ही वाट बहुतेक वेळा पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यापाशी पोचते. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. रुग्णावरून उतरवलेले नारळ आणि अंगावरचे कपडे त्या होळीत जातात. नारळांची ही होळी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. पुढे संदल निघतो. येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असा भेद नाही. ज्याच्या घरात असा माणूस आहे तो येतो.

शहरात बसून या चित्राकडे बघणारा दोनपैकी एक वाक्य बोलतो. पहिलं, ‘केवढी ही अंधश्रद्धा.’ दुसरं, ‘श्रद्धेची ताकद बघा.’ दोन्ही अर्धवट आहेत.

पहिल्या वाक्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत अगदी पहिलं कलम आहे. २०१७च्या कायद्यानेही मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली. हा केवळ आपलाच रोग नाही. ह्यूमन राइट्स वॉचने २०२० साली जवळपास ६० देशांतून अशा बंदिवासाची उदाहरणं मांडली. इंडोनेशियात याला ‘पासुंग’ म्हणतात. तिथे १९७७ सालीच बंदी आली, प्रथा उरली.

दुसऱ्या वाक्याकडेही थोडा पुरावा आहे. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या ३१ गंभीर रुग्णांची नोंद ठेवली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. पाचेक आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणं सुमारे वीस टक्क्यांनी उतरली. तिथे औषध नव्हतं, मारझोड आणि साखळीही नव्हती. घरचं माणूस सोबत, पैसे नाहीत, सकाळी झाडलोट, झाडांना पाणी. संशोधकांनी श्रेय दिलं ते या निर्धास्त वातावरणाला. महाराष्ट्रातल्या महानुभाव मंदिरांवर आणि दर्ग्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनाही असंच काही दिसलं: घरात ज्यांना कुणी ऐकत नाही अशा बायकांना तिथे बसायला, रडायला, घुमायला जागा मिळते. फलटणच्या महानुभाव मंदिरात तर घरच्याची पीडा आपल्या अंगावर यावी म्हणून घुमणाऱ्या आया आणि बायका आढळल्या.

दर्ग्यात माणूस एकटा नसतो आणि तिथे त्याच्या घरावर बट्टा लागत नाही. यात्रेला गेलो, नवस फेडला, एवढंच गावात सांगायचं असतं. मानसोपचार विभागाच्या दारातून बाहेर पडताना ओळखीचा माणूस दिसला तर काय सांगायचं, हे आधी ठरवून जावं लागतं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्याने आणि सरकारने मिळून २००८च्या सुमारास ‘दवा-दुआ’ सुरू केलं. मुजावर दुआ देतो आणि आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवतो. श्रद्धेशी भांडण न करता गोळी पोचवायची ही तऱ्हा. कार्यकर्त्यांत यावर मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत, कारण मुजावराच्या शब्दाला सरकारी वजन मिळालं तर उद्या बांधून ठेवणाऱ्यालाही ते मिळेल. पण साखळी बंद आणि गोळी सुरू, एवढं पदरात पडत असेल तर सैलानीच्या यात्रेतही तो प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

भीती कुणाची, किती

गरीब देशांत समाज मनोरुग्णाकडे कसं बघतो, यावर गेल्या पंचवीस वर्षांत बरंच काम झालं. नायजेरियाच्या योरुबा भागात २,०४० लोकांना विचारलं. २००५ साली आलेल्या या पाहणीत ९६ टक्क्यांहून जास्त लोकांना मनोरुग्ण धोकादायक वाटत होते, ८२.७ टक्के लोकांना अशा माणसाशी बोलायचीच भीती वाटत होती. लग्न करायची तयारी १६.९ टक्क्यांची.

आपल्याकडे गोवा, सातारा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांना आणि तितक्याच सांभाळणाऱ्यांना विचारलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वाईट वागणूक मिळाल्याचं ४२ टक्क्यांनी सांगितलं. आपण सगळ्यांपासून तुटलो, परके झालो, ही भावना मात्र ७९ टक्क्यांत होती. कुणी काही बोलायच्या आधीच माणूस स्वतःला वाळीत टाकतो, असा या दोन आकड्यांमधल्या फरकाचा अर्थ. आजार लपवणं हे श्रीमंत देशांतही चालतं. २७ देशांतल्या एका पाहणीत ७२ टक्के रुग्णांना आपलं निदान झाकून ठेवावंसं वाटत होतं.

गरीब देशांच्या बाजूने एक जुना युक्तिवादही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या अभ्यासमालेत आग्रा, इबादान, काली अशा ठिकाणचे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत शहरांतल्या रुग्णांपेक्षा चांगले सुधारलेले दिसले. एकत्र कुटुंब, शेतातलं साधं काम, मायेची माणसं, अशी कारणं सांगितली गेली. आपल्यालाही ते ऐकून बरं वाटलं. २००८ साली विक्रम पटेल, आर. थारा आणि सहकाऱ्यांनी हा गृहितकाचा पाट उचलून खाली पाहिलं. सुधारणा देशादेशांत फार वेगवेगळी होती, आणि नुसत्या कुटुंबाच्या भरवशावर सोडलेल्या रुग्णांचे हाल सरासरीत झाकले जात होते. कुटुंब हे आपलं सगळ्यात मोठं बळ, हे खरंच. पण ते बळ फुकट मिळत नाही. सांभाळणारी आई म्हातारी होते.

लग्न

कलंक नेमका कुठे बोचतो, हे पाहायचं तर लग्नाच्या बैठकीत बसावं. धाकट्या बहिणीचं स्थळ जुळेपर्यंत थोरल्याला पाहुण्यांसमोर येऊ द्यायचं नाही. तो मामाच्या गावी गेलाय. गोळ्या कपाटात डाळीच्या डब्यामागे. वऱ्हाडात सोयरिकीची जाळी दहा-वीस गावांत विणलेली असते. एका गावातली कुजबुज दुसऱ्या गावच्या साखरपुड्याला हजर. आजार एकाचा, पण ‘त्यांच्या घरात आहे’ हे वाक्य सगळ्या भावंडांच्या पत्रिकेवर लिहिलं जातं. त्यामुळे लपवणं हा अडाणीपणा ठरत नाही. घर वाचवायचा तो हिशेब असतो, आणि ज्या घरात उपवर मुली आहेत तिथे तो चुकीचाही नसतो.

त्याच लग्नाला औषधही समजतात. ‘दोनाचे चार हात करा, ताळ्यावर येईल.’ मुलगा असेल तर सूनबाई आणून तिच्या गळ्यात सेवा बांधायची. मुलगी असेल तर सासरी पाठवून मोकळं व्हायचं. गोळ्या लपवायच्या म्हणून बंद होतात, बाळंतपणाच्या किंवा सासुरवासाच्या ताणात आजार उसळतो आणि बाईला माहेरी आणून सोडतात. पुरुष आजारी पडला तर बायको बहुधा थांबते. बाई आजारी पडली तर नवरा थांबेलच, असं कुणी गृहीत धरत नाही.

शेगाव-अकोला गाडीत एकदा समोरच्या बाकावर एक माय आणि तिचा पंचविशीचा मुलगा होता. पिशवीतून तिने आधी प्रसादाची पुडी काढली, मग अंगाऱ्याची, मग गोळ्यांची पट्टी. पट्टीवरचं नाव नखाने खरवडलेलं होतं. शेजारणीने विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, ‘ग्यासच्या हायेत.’ मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. त्याने मान वळवली नाही, पण ऐकलं होतं. त्याच्या आजाराचं नाव घरच्यांनी पुसलंय, हे त्याला रोज रात्री गोळी घेताना दिसत असणार.

कर्ज आणि मन

याच बुलढाणा जिल्ह्यात मनाच्या एका आजाराला मात्र बट्टा लागत नाही, कारण त्याला आजार म्हणतच नाहीत. शेतकऱ्याने जीव दिला की कारण ठरलेलं: कर्ज, नापिकी. कारण खरंच असतं. पण महिनोन्महिने झोप नसणं, जेवणावरची वासना उडणं, माणसांत न बसणं, याची नोंद कुठेच होत नाही. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायचं तर कर्जाचा आणि थकबाकीचा कागद लागतो. उदासीचा कागद कुणी मागत नाही आणि मनाचा आजार होता म्हटलं तर मदत हातची जाईल, ही धास्ती वेगळीच. पैशाची विवंचना लपवायची नाही आणि मनाची सांगायची नाही, अशी ही अजब घडी.

हीच लक्षणं वेळेत ओळखण्यासाठी २०१५ साली सुरू झालेला प्रेरणा प्रकल्प मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांसाठी होता. त्यात बुलढाणाही होता. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, लक्षणं दिसली तर पुढे पाठवायचं. कल्पना चांगली, कारण आशाताई दारात आली तर शेजाऱ्यांना वावगं वाटत नाही. ती लसीसाठीही येते.

अंतर

आता साधी आकडेमोड. निमहान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण बारा राज्यांतून निघालेलं प्रमाण असं: प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार, ०.८ टक्क्यांना गंभीर आजार. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास २६ लाख. तेच प्रमाण इथे लावलं तर गंभीर आजाराचे साधारण तेरा हजार प्रौढ निघतात. विदर्भाचं मनोरुग्णालय नागपुरात, ९४० खाटांचं, शेगावपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना.

हे आकडे समोर ठेवले की ‘लोक अंधश्रद्धेमुळे डॉक्टरकडे जात नाहीत’ हे वाक्य लंगडं पडतं. जायला डॉक्टर कुठे होता? सैलानी एसटीने गाठता येतं. नागपूरला जायचं तर दोन दिवसांची मजुरी, गाडीत बेचैन माणूस सांभाळायचा, आणि महिन्याने पुन्हा तेच. जिथे उपचार दिसतच नाही तिथे बऱ्या झालेल्या माणसाचं उदाहरणही दिसत नाही. उदाहरण नसलं की ‘हा कधी बरा होत नाही’ ही समजूत घट्ट होते. कलंक आणि गैरसोय एकमेकांना पोसतात.

कशाने बदलतं

‘हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे’ असं सांगितलं की कलंक जाईल, अशी पूर्वी आशा होती. अमेरिकेत १९९६ आणि २००६ मध्ये केलेल्या पाहण्यांची तुलना झाली तेव्हा लोक रसायनांची भाषा शिकलेले दिसले, पण शेजारी, सहकारी किंवा सोयरा म्हणून स्वीकारायची तयारी वाढली नव्हती. नुसत्या माहितीने डोकं भरतं, हात पुढे येत नाही. लॅन्सेटच्या कलंकविषयक आयोगाने २०२२ साली जगभरचा पुरावा चाळून सांगितलं की सगळ्यात जास्त उपयोग होतो तो प्रत्यक्ष भेटीचा. आजार भोगलेल्या माणसाने समोर बसून बोलणं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात याचा पडताळा आहे. ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी उदासीबद्दल बोलणं सुरू केलं, समुपदेशन जवळ आणलं, गरज पडेल तिथे डॉक्टर जोडून दिला. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच, गावं तीच. सोय दारात आल्यावर श्रद्धा आड आली नाही.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली आरोग्य केंद्रांच्या आवारात बाक मांडले आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. बाकाच्या पहिल्या नावात मानसिक आरोग्य होतं, लोक येईनात. ‘मैत्रीचा बाक’ म्हटल्यावर येऊ लागले. आज्या निदानाची भाषा बोलत नाहीत. शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरतात. अर्थ, फार विचार करणं. ‘लय इचार करते व माय ती’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कुठल्याही ओट्यावर ऐकू येतं. शब्द आपल्याकडे आहेच. बाक हवा.

महाराष्ट्रात असे बाक काहींनी मांडलेत. कॅनडात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी घरातला आजार उघड बोलून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. २००४चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा चित्रपट याच विषयावरचा. डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा फाउंडेशनने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवलं. २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बुलढाणा जिल्ह्यातच, चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचं सेवा संकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या अशाच माणसांना निवारा देतं. आता १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, आणि फोन करताना ओळखीचं कुणी भेटत नाही.

शेवटी पुन्हा लग्नाकडे, कारण समाजाची भीती कायदाही लिहून ठेवतो. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला किंवा संसाराला बाधक म्हणून काही आजारांची नावं होती. मिरगी १९९९ साली गेली. गोळीने झटके थांबतात, हे लोकांनी पाहिलं होतं. कुष्ठरोग घटस्फोटाच्या कारणांतून २०१९ साली गेला. विदर्भाला तो आजार चांगला माहीत आहे. कुष्ठरोग्यांसाठी उभी राहिलेली तपोवन आणि आनंदवन इथलीच, आणि ‘महारोगी’ म्हणून गावाबाहेर काढलेली माणसंही इथलीच. बहुऔषधी उपचार गावागावांत पोचले, बरी झालेली माणसं बाजारात दिसू लागली, तेव्हा कुठे नाव सौम्य झालं आणि यादीतून उतरलं. गंभीर मानसिक आजार त्या यादीत अजून आहे. तो उतरेल तेव्हा उतरेल. त्याआधी गाडीतल्या त्या मायला औषधाची पट्टी न खरवडता पिशवीत ठेवता आली पाहिजे, आणि त्यासाठी तिच्या मुलासारखा, गोळी घेऊन कामाला जाणारा एखादा मुलगा शेजारणीनेही पाहिलेला असला पाहिजे.